उपकारस्तुतीचं ताट

उपकारस्तुतीच्या रविवारी पंचफुला घरातून रिकामं ताट घेऊन निघाली, आणि दाराला कडी लावते न लावते तोच शेजारच्या गुलनारनं तिला गाठलं.

"काय वं बाई, ताट खाली काऊन?" गुलनार ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. "थांब, घरात केळी हायेत. माह्या अकीलनं कालच आणली डोणगावच्या बाजारातून."

"नको."

"अवं, देवाच्या दारी खाली ताट घेऊन जाते का कोणी? मागाले चालली तरी काईतरी घेऊन जा."

"मागाले नाई चालली," पंचफुला म्हणाली. "सांगाले चालली."

गुलनारनं तिच्याकडं नीट पाहिलं. गेल्या साली पंचफुलाच्या लेकीला, सुवर्णाला, शेवटचं पाणी पाजलं ते या गुलनारनंच. त्यामुळे आणखी दोन प्रश्न विचारायचा तिचा हक्क होता, पण तिनं विचारले नाहीत. "जा मंग," एवढंच म्हणाली आणि सुपातला खडा उचलून रस्त्यावर फेकला.

आता ही ताटाची काय भानगड, ते सांगितलं पाहिजे. डोणगावला बाजार करणाऱ्या त्या गावात ख्रिस्ती घरं मोजून चौदा. चौदा घरांचं एक पत्र्याचं प्रार्थनाघर. पाळकसाहेब मेहकरहून महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार जानराव चालवायचे. जानराव म्हणजे मंडळीचे पंच म्हणा, कारभारी म्हणा, त्यांच्या शब्दाबाहेर तिथं सतरंजीसुद्धा अंथरली जात नसे. सोयाबीन घरात आलं की दिवाळीच्या आगंमागं एक रविवार उपकारस्तुतीचा धरायचा. त्या दिवशी प्रत्येक घरानं एक ताट आणायचं आणि वर्षभरात देवानं जे दिलं त्याची खूण त्यात ठेवायची. पीक आलं तर सोयाबीन. पोरगं पास झालं तर मार्कशीट. मोटरसायकल घेतली तर किल्ली. बोअरला पाणी लागलं म्हणून एकानं बाटलीत पाणी आणलं होतं, आणि एका बहाद्दरानं बिडी सुटली म्हणून शेवटचं बंडल. मग एकेकानं उठायचं, आपल्या ताटाकडं बोट करायचं, साक्ष द्यायची की प्रभूनं मला हे दिलं, त्याचे आभार. टाळ्या, हल्लेलूया, की पुढचं ताट. चांगली रीत आहे, वाईट कोण म्हणेल! फक्त ज्याला काहीच मिळालं नाही त्यानं त्या दिवशी तोंड कुठं लपवायचं, तेवढं कोणी ठरवलेलं नाही. असा माणूस बहुतेक त्या रविवारी नेमका गावाला जातो.

गेल्या साली पंचफुलाही गावाला गेली असती तर फार बरं झालं असतं.

सुवर्णा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचे पाय सुजायला लागले, आणि कळलं तोवर दोन्ही किडन्या गेलेल्या. बाप लहानपणीच वारलेला. आई अंगणवाडीत मदतनीस. बुधवारी आणि शनिवारी मायलेकी पहाटेची एसटी धरायच्या, जिल्ह्याच्या गावाला जायच्या, पोरगी चार तास डायलिसिसच्या मशीनला लागायची, आणि दिवस कलता दोघी परत. दीड वर्ष असं चाललं. मंडळीनं प्रार्थनेत कसूर केली नाही, खोटं कशाला बोलायचं? चाळीस दिवस घरटी एकेक माणूस उपास धरत होतं. आणि चाळिसाव्या दिवशी जानराव उठले, डोळ्यांत पाणी, अंग थरथरतंय, आणि म्हणाले, "प्रभू माह्याशी बोलला. पोरगी बरी झाली."

पोरगी तर घरी खाटेवर होती, तशीच सुजलेली.

"डोळ्यानं दिसल्यावर तर कोणीबी आभार मानते," जानरावांनी समजावलं. "दिसाच्या आधी मानले पाह्यजे, त्याले विश्वास म्हणतात पंचफुलाबाई. रविवारी उपकारस्तुती हाय. ताटात तिची दवाखान्याची फाईल आणून ठेवा. मशीनची पाळी संपली आता. आभार मानून पुन्हा मशीनवर बसवसान, तर तो देवाचा अपमान हाय."

पंचफुलाला पटलं का? नाही पटलं. पण हवं होतं, आणि इतकं हवं असलं की माणूस पटल्यासारखं करतो. तिनं फाईल ताटात ठेवली. माईकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माही पोरगी बरी झाली. प्रभूचे आभार." सगळी मंडळी रडली. जानरावांच्या बायकोनं, कोकिळानं, तिला गच्च मिठी मारली. वर पुरी-बुंदीचं जेवणही झालं. आणि कोणीतरी हे सगळं मोबाईलवरून थेट दाखवत होतं, ते घरी सुवर्णा उशीला टेकून बघत होती.

"आई, खोटं काऊन बोलली?" आई उंबऱ्यात पाय टाकते तोच पोरीनं विचारलं.

"खोटं नाई वं. विश्वासानं बोलली."

"काऊन, देवाले खरं सोसत नाई का? तुमी लोकं त्याले एवढा नाजूक समजता?"

"चूप! अशी शंका घेशीन तर कसं व्हईन?" पंचफुला ओरडली. दुखणाईत पोरीवर ओरडली ती. हे तिला नंतर वर्षभर पुरलं.

बुधवारी पहाटे सुवर्णा आपली आपण उठून, केस विंचरून, चप्पल घालून बसली. "आई, चाल. एसटी येईन." आता आली का पंचाईत! ताटातली फाईल जानरावांनी प्रार्थनाघराच्या कपाटात ठेवलेली, आणि कपाटाची किल्ली जानरावांकडं. पंचफुला धावत त्यांच्या घरी गेली. जानराव शेतात गेलेले. कोकिळा दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "किल्ली त्यायनं सोबत नेली, बाई." पंचफुला परत आली आणि पोरीला म्हणाली, फाईलबिगर मशीनवर घेत नाहीत. वास्तविक दीड वर्षात तिथल्या नर्सबाई मायलेकींना नावानं ओळखत होत्या, फाईल नसती तरी घेतलं असतं. पंचफुलालाही ते ठाऊक होतं. पण किल्ली मिळाली नाही, तेव्हा देवाचीच मर्जी तशी असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि चूल पेटवली. शनिवारची पाळीही तशीच गेली.

मधल्या गुरुवारी सुवर्णा बरी बोलत होती. आई तिचे पाय चेपत होती.

"आई, एक सांग. म्या तुले काय देल्लं? पगार नाई, जावई नाई, नातू नाई. नुसती दगदग देल्ली."

"असं नको बोलू, सोनू."

"नाई, सांग ना. तरी तू मले काऊन जीव लावते?"

"काऊन म्हणजे? तू हायेस म्हणून. तू असली म्हंजे झालं मले."

"बस. मीबी देवाले तसंच म्हणते आता. बरी कर म्हणून थकली मी. तू हायेस, तेवढ्यासाठी आभार, असं म्हणते."

"किडनी नाई देल्ली तरी?"

"तरी." पोरगी हसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "राग येते मले त्याचा. लय येते. पण ज्याचा राग येते तो असाले तर पाह्यजे ना वं."

रविवारी सकाळी ती गेली. एसटी नव्हती, गुलनारचा अकील गाडी शोधायला पळाला, तोवर सगळं संपलं. बुंदीचं पातेलं प्रार्थनाघराच्या मागं अजून खरकटंच पडलं होतं.

मातीच्या दिवशी जानराव चार माणसांत म्हणाले की साक्ष तोंडातून आली होती, काळजातून नाही, आणि देवाला काळीज दिसतं. हे बोलणं घरोघर गेलं. बाया पंचफुलाशी गोड बोलायच्या, पण तिच्या हातात लेकरू द्यायला कचरायच्या. आणि तिला स्वतःला काय वाटत होतं? तिला वाटत होतं, जानराव खरं बोलतात. साक्ष खोटी होतीच की! जिथं देवाचे आभार मानायचे तिथं उभं राहून ती खोटं बोलली होती, आणि मग त्या खोट्याला खरं करायला पोरीला घरी ठेवलं होतं. याहून वाईट कोणती बाई काय करणार?

कित्येक महिने तिनं देवाचं नाव घेतलं नाही. रविवारी जायची ती सवयीनं, आणि चपलांपाशी बसायची. मग उन्हाळ्यात, एका दुपारी, अंगणवाडीतली खिचडीची भांडी घासता घासता तिच्या तोंडून "प्रभू" असा शब्द गेला आणि तिची तीच दचकली. मागायचं काहीच उरलं नव्हतं. मिळालेलं काही सांगायचंही नव्हतं. तरी हाक गेली, आणि कोणीतरी ऐकतंय असं तिला वाटलं. तिला भयंकर राग आला. राखेचा हात तसाच ठेवून ती किती तरी वेळ भांडली त्याच्याशी, एकेक शिल्लक राहिलेलं बोलली. बोलून झाल्यावर ध्यानात आलं, की पोरगी गेल्यापासून इतकं खरं ती कोणाशीच बोलली नव्हती. पोरगी काय म्हणत होती ते तिला तेव्हा कळलं.

त्याच दिवशी तिनं ठरवलं. जिथं खोटं बोललो, तिथंच उभं राहून एकदा खरं बोलायचं. रिकामं ताट ठेवायचं आणि म्हणायचं, प्रभू, या ताटात काही नाही, तू आहेस म्हणून तुझे आभार. एवढं एक वाक्य. ते बोलता आलं तर पुन्हा त्या दारात पाऊल टाकता येईल. नाही बोलता आलं तर तिला मंडळीही नको होती आणि मंडळीचं गाणंबजावणंही नको होतं.

तर अशी ती गेली. पुढच्या टेबलावर ताटं लागली होती. भोपळा होता, कोकिळाच्या परातीत सोयाबीन आणि सीताफळं होती, नव्या मोबाईलचा खोका होता, कोणाच्या सुनेला दिवस गेले म्हणून झबलं होतं. पंचफुलानं भोपळ्याच्या शेजारी आपलं ताट ठेवलं आणि बायांच्या बाजूला जाऊन बसली. कोकिळानं ताट पाहिलं, मग पंचफुलाकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

जानरावांनी प्रार्थना सुरू केली. त्यांची प्रार्थना म्हणजे सरकारपासून जनावरांपर्यंत सगळ्यांसाठी, डोळे मिटून बसलेल्याला डुलकी लागावी अशी लांब. पंचफुला डोळे मिटून मनात आपलं वाक्य घोकत होती. आमेन झालं, तिनं डोळे उघडले, आणि पाहते तर काय, तिच्या ताटात सोयाबीनची रास, आणि राशीवर दोन टपोरी सीताफळं!

कोकिळा तिच्याकडं बघून हळूच मान हलवत होती. राहू दे, मी आहे ना, अशी. एखाद्या बाईचा पदर सरकला तर दुसरीनं पटकन सावरावा, तसं तिनं केलं होतं. रिकामं ताट तिला विसरभोळेपणा वाटला असेल, नाही तर गरिबी. देवाजवळ कोणी जाणूनबुजून रिकामं येईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नसणार. पंचफुलाच्या अंगाची मात्र आग आग झाली.

साक्षी सुरू झाल्या. भोपळ्यावाला बोलला, मोबाईलवाला बोलला, झबल्याची सासू रडत रडत बोलली. मग जानरावांनी पंचफुलाच्या ताटाकडं हात केला.

"हे पाहा! या बहिणीची तरणीताठी लेक गेली. पण प्रभूनं तिचं ताट खाली ठेवलं का? नाई ठेवलं! भरून देल्लं! बोला हल्लेलूया!"

"हल्लेलूया!" मंडळी गरजली.

"या पंचफुलाबाई, द्या साक्ष."

ती उठली. टेबलापाशी गेली, ताट दोन्ही हातांनी उचललं, आणि सरळ कोकिळाच्या परातीत उपडं केलं. सोयाबीन घरंगळत सतरंजीवर गेलं, एक सीताफळ खाली पडून फुटलं. कोणीतरी "अवं माय!" म्हणालं. पंचफुलानं रिकामं ताट होतं तिथं ठेवलं आणि माईक हातात घेतला.

"हे माहं नाई. माहं ताट खाली होतं. मी खालीच आणलं होतं." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "मागच्या साली याच जाग्यावर मी खोटं बोलली. पोरगी बरी नोती झाली. त्या खोट्यापायी मी तिची मशीन चुकवली. आज मले खरं बोलाचं हाय—"

माईक जानरावांच्या हातात गेला. कसा गेला ते तिला कळलंसुद्धा नाही, इतक्या मऊपणानं त्यांनी तो काढून घेतला. "बहिणीचं मन लय दुखावलं हाय," ते म्हणाले. "आपण तिच्यासाठी एक आनंदाचं गीत घेऊ. जोरात! टाळ्यांसंगं!"

ढोलकी लागली, खंजिरी लागली, चौदा घरांची माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. बिचाऱ्यांना हायसंच वाटलं असणार. पंचफुला तिथंच उभी राहिली आणि आपलं वाक्य बोलली. तिचे ओठ हलले. पण त्या गदारोळात दुसऱ्यांचं सोडा, तिचं तिलाही ते ऐकू गेलं नाही. गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा ती चालत बाहेर पडली. ताट तिथंच राहिलं.

घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली. रडू येत नव्हतं, नुसता जाळ होता. लेक नेली ती नेली, आता आभारही यांच्याच पसंतीचे मानायचे!

दुपारी तीनच्या सुमाराला दारात कोकिळा आली. हातात पंचफुलाचं ताट, घासून लख्ख केलेलं. आपल्याकडं शेजारणीचं भांडं परत करताना कोणी मोकळं देत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतात. आणि कोकिळासारखी बाई, जिला देवाच्या टेबलावरचं ताट रिकामं बघवत नाही, तिच्या हातातलं ताट साफ रिकामं होतं.

"डबे उघडले मी," कोकिळा उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली. "काई टाकाव म्हणून. पण हातच नाई उचलला."

पंचफुलानं मान भिंतीकडं फिरवली.

"बाई, मी माईकच्या पाशी बसली होती. तुमी काय बोलल्या ते मले ओठांवरून कळलं." तिनं पदर तोंडाला लावला. "त्या बुधवारी... किल्ली त्यायनं नोती नेली. माह्या मागं खुंटीलेच होती. देऊ नको म्हणून सांगून गेले होते. मी देल्ली नाई."

ओट्यावर गुलनारचं सूप थांबलं.

पंचफुलाला वाटलं, उठावं आणि हिच्या झिंज्या धराव्यात. वर्षभर ती देवाची मर्जी म्हणून जी गिळत आली, ती एका बाईच्या पाठीमागं खुंटीला टांगलेली होती! पण ती भिंतीला टेकूनच राहिली.

"वर्षभर चूप राह्यली?" ती म्हणाली.

"राह्यली. म्हणूनच तर ताट भरलं आज." कोकिळा हमसून हमसून रडायला लागली. "बाई, मले माफ..."

"ते ताट ठेव अन् जा."

"एकडाव तरी म्हणा—"

"जा म्हटलं ना वं! माफी का बुंदी हाय, वाटाले?"

कोकिळानं ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि गेली. गुलनार उठून आली, दारात घुटमळली, आणि काय करावं न सुचून तिथंच पायरीवर पाठ करून बसली. आत गेली नाही.

पंचफुलानं ताट ओढून घेतलं आणि सुवर्णाची खाट जिथं असायची, त्या मोकळ्या जागेवर ते ठेवून त्याच्यासमोर बसली.

"किल्ली खुंटीलेच होती," ती मोठ्यानं म्हणाली. "तुले दिसत होती. मले नोती दिसत, तुले दिसत होती. तू काईच नाई केलं." तिनं ताट पुढं सरकवलं. "जानरावाले मी माफ नाई करत. तिलेबी नाई, मलेबी नाई. तुह्यावर तर माहा सगळ्यायच्याहून जास्त राग हाय. पण तू नसता तर हे मी कोणाले बोलली असती? तू हायेस. माही सोनू नाई, तू हायेस. तू हायेस म्हणून तुहे आभार. एवढंच हाय माह्यापाशी, घे."

या वेळी ढोलकी नव्हती, टाळ्या नव्हत्या. शब्दन्‌शब्द तिला स्वतःला ऐकू आला, आणि तेव्हा कुठं ती रडली.